हिरवं लेबल आणि हिंगणघाटचा कापूस

सोशल मीडियाने काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी 2011 आठवावं. ग्रीनपीसच्या ‘डिटॉक्स’ मोहिमेत ट्विटर-फेसबुक तापलं, दुकानांच्या काचांवर स्टिकर लागले आणि सप्टेंबरात एच अँड एमने 2020 पर्यंत घातक रसायनं बंद करण्याचं वचन दिलं.

मग तीच ताकद आपण कंपन्यांच्या हिरव्या जाहिराती फॉरवर्ड करण्यात का घालवतो? ऑक्टोबर 2020 मध्ये सेंद्रिय कापडाचं मानक ठरवणाऱ्या गॉट्सने भारतातल्या 20 हजार टन कापसाच्या प्रमाणपत्रांतला घोटाळा उघड केला. मी सॉफ्टवेअरवाला, रकान्यात ‘ऑरगॅनिक’ भरायला किती सेकंद लागतात, मला ठाऊक आहे. आपल्या हिंगणघाटच्या बाजारात मात्र बहुतेक गाड्या बीटी कापसाच्याच.

दोस्तांनो, पुढच्या ‘ग्रीन’ रीलखाली एवढंच विचारा: कापूस कुठल्या गावचा, जिनिंग कुठली, आणि शेतकऱ्याला क्विंटलमागे किती जास्त दिले?