बाटली भरली केव्हा?

डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता फेब्रुवारी २०२०मध्ये गुलाबी झाला, तेव्हा तो पाहायला खुद्द मुख्यमंत्री उद्धव ठाकरे गेले होते. त्याआधी २०१४मध्ये याच शहराने हिरवा पाऊस पाहिला. रंग दिसला की यंत्रणा धावते. मात्र कारखान्यांच्या सांडपाण्यातले पुष्कळसे विष बिनरंगी असते. ते पकडायचे तर सारी भिस्त नमुन्याच्या बाटलीवर.

या बाटलीमागचे शास्त्र पक्के आहे. सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचे रासायनिक ऑक्सिडीकरण व्हायला लागणारा प्राणवायू, मोजताना नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालून तो दोन तास उकळतात. मग ब्युरेट या मापनळीतून दुसरे रसायन थेंब थेंब सोडत गेले की निळसर हिरवा रंग एका थेंबासरशी तांबूस होतो आणि आकडा हाती येतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तो लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आत हवा. बीओडीला, म्हणजे ती घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू मोजायला, घाई चालत नाही; बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवावी लागते. मर्यादा ३०. इथे एक मेख आहे. जिवाणू जगले तरच प्राणवायू खपणार. पाणी जहाल असेल तर जिवाणूच मरतात आणि बीओडी साळसूदपणे कमी येतो. तेव्हा कोणी नुसत्या बीओडीचा दाखला पुढे केला, तर आधी शेजारचा सीओडीचा रकाना वाचावा.

घोळ प्रयोगशाळेत कमी आणि फाटकावर जास्त आहे. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१नुसार नमुना घेताना कारखान्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर मोहोर आणि सही घ्यायची. हे पाळले नाही तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही. कारखानदारावर अन्याय होऊ नये म्हणून हे योग्यच. पण प्रदूषण नियंत्रण मंडळाची गाडी फाटकाशी थांबून नोंदवहीत नाव लिहीपर्यंत, सांडपाण्यात हवा सोडणारा आणि एरवी बंद ठेवलेला ब्लोअर सुरू करायला वेळ पुष्कळ मिळतो. शिवाय हा नमुना त्या एका क्षणाचा. दुपारी बाराला भरलेली बाटली रात्री दोनच्या पाण्याबद्दल काय सांगणार?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४मध्ये अतिप्रदूषक १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मापनयंत्रे बसवायला सांगितले, ते याच दुखण्यावर. उपाय चांगला, पण यंत्र बिचारे भाबडे. सेन्सर स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवला तर तो बादलीचाच आकडा इमानेइतबारे पाठवील.

म्हणून तपासणी बाटलीपुरती ठेवून भागणार नाही. कारखान्याचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र खरोखर चालते का, हे त्याचे वीजबिल सांगते. ब्लोअर वीज खातो आणि पैसे वाचवायला पहिला बंद होतो तोच. दुसरा साक्षीदार गाळ. पाणी शुद्ध झाले असेल तर मागे गाळ उरलाच पाहिजे, आणि तो विल्हेवाटीला गेल्याची पावतीही हवी. पाणी निर्मळ, गाळ मात्र नाही, असा ताळेबंद मांडणाऱ्याच्या दारी मंडळाने त्याच रात्री जावे. एका घोटाऐवजी चोवीस तास थोडे थोडे गोळा केलेले मिश्र नमुने घ्यावेत आणि आकडे नाल्याच्या तोंडाशी मराठीत फलकावर लावावेत.

तारापूर औद्योगिक वसाहतीचा अनुभव बोलका आहे. केंद्रीय मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात ९३.६९ गुणांसह ही वसाहत देशात सर्वांत प्रदूषित ठरली. त्याच्या दोन वर्षे आधीच मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद प्रदूषणाची तक्रार घेऊन राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. मच्छीमारांना मासळीतली घट कळायला डायक्रोमेट लागत नाही.

नियमांत माशांचीही एक चाचणी आहे: पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तास ठेवल्यावर शंभरातले नव्वद मासे जगले पाहिजेत. मंडळाने ही चाचणी पुढच्या वेळी तारापुरात रात्री भरलेल्या नमुन्यावर करावी, आणि सांडपाण्याच्या चेंबरचे झाकण उघडताना किनाऱ्यावरच्या दोन मच्छीमारांना साक्षीला बोलवावे.