भिंतींचा रंग खरवडता, मग खरेदीखतही वाचा

कॅलिफोर्नियात १९५० आणि १९६० च्या दशकांतली ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ घरे आज वारसा म्हणून जपली जातात. सपाट छप्पर, उघड्या तुळया, जमिनीपासून छतापर्यंत काच. एकट्या जोसेफ आयक्लर या बिल्डरने अशी सुमारे ११ हजार घरे बांधली. ती घेणारी हौशी मंडळी लाकडी भिंतींवर चढलेला रंग खरवडतात, फरशीखालच्या गरम पाण्याच्या नळ्या दुरुस्त करतात, गोल दिवे शोधत हिंडतात. सगळे कसे ‘मूळ रूपात’ हवे.

मग विचारायलाच हवे : मूळ रूपात अशा वस्त्यांत राहायचा अधिकार कोणाला होता?

त्या काळी अमेरिकेतल्या असंख्य वस्त्यांच्या खरेदीखतांत अट असे, की घर गोऱ्यांखेरीज कोणालाही विकायचे नाही. अनेक खतांत एकच अपवाद असे : घरगडी आणि मोलकरणी. म्हणजे काळ्या बाईने फरशी पुसावी, तिथे संसार मांडू नये. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. न्यायालयांनी या अटी अंमलात आणू नयेत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तरी बहिष्कार चालूच राहिला, कारण त्याच्या पाठीशी सरकार होते.

लडेराचे उदाहरण घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळच्या या जागी सुमारे १५० कुटुंबांनी सहकारी वसाहतीसाठी जमीन घेतली. आराखडे करणाऱ्यांत जोसेफ स्टाइन होते. पुढे दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांनीच उभारले. सभासदांत तीन कुटुंबे काळी होती. तेवढ्यावरून संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कर्जाची हमी नाकारली. हमी नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. अखेर संस्था मोडली, जमीन खासगी बिल्डरकडे गेली आणि घरे फक्त गोऱ्यांना मिळाली.

यावर ठरलेले उत्तर येते : ‘काळच तसा होता.’ हे खोटे आहे. आयक्लर त्याच काळातला, त्याच धंद्यातला. तो काळ्या कुटुंबांनाही घरे विकत होता. बिल्डरांची राष्ट्रीय संघटना भेदभावाविरुद्ध भूमिका घेईना, तेव्हा १९५८ साली त्याने तिचा राजीनामा दिला. उलट १९६४ साली कॅलिफोर्नियाच्या सुमारे ६५ टक्के मतदारांनी घरविक्रीतला भेदभाव रोखणारा कायदा मोडीत काढणारी दुरुस्ती मंजूर केली. ती पुढे न्यायालयाने रद्द ठरवली. एकाच काळात दोन्ही वाटा खुल्या होत्या. बहुसंख्यांनी कोणती निवडली, हे लपवायला काळाची ढाल कशाला?

सनीव्हेल, क्युपर्टिनो, पालो अल्टो इथे आयक्लरची घरे आहेत आणि आपली मराठी माणसेही आहेत. जुने घर घेणाऱ्या मराठी माणसाने त्या वस्तीची जुनी खते काढून वाचावीत. अशा अटी शोधून खोडण्याचे काम २०२१ च्या कायद्याने काउंटीच्या नोंदणी कार्यालयांवर टाकले आहे. ते योग्यच आहे. पण अट सापडलीच, तर खोडण्याआधीची एक प्रत घरात ठेवा. पाहुण्यांना तुळया आणि काच दाखवाल, तेव्हा तो कागदही दाखवा. आणि पुण्या-मुंबईतला आपला फ्लॅट भाड्याने देताना आडनाव विचारण्याआधी तो एकदा पुन्हा वाचा.