सहलीची गाडी ठरवताना आपण भाडं विचारतो, टायर कोण विचारतं?



जानेवारी उजाडला की शाळाशाळांत सहलीचे वेध लागतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातलं कचारगड हे सहलीचं हमखास ठिकाण. धनेगावजवळचं घनदाट जंगल, डोंगरातली ती प्रचंड गुहा, येता-जाता हाजरा फॉल. मुलं खूश, आपणही खूश. माघ पौर्णिमेला इथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पारी कुपार लिंगो आणि माय काली कंकाली यांच्या दर्शनाला महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं येतात. कुणी रेल्वेने दरेकसा स्टेशनवर उतरतं, कुणी जीपने येतं, तर कुणी शेकडो किलोमीटर मोटरसायकलवर.

आज लिहायचं आहे ते या प्रवासाच्या तयारीबद्दल, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सातवी-आठवीची मुलं घेऊन कचारगडला गेलो होतो. गाडी मीच ठरवली. मालकाला मी दोनच प्रश्न विचारले होते : "भाडं किती?" आणि "सीट किती?" परत येताना अंधार पडला आणि जंगलातल्या रस्त्यावर मागचा टायर फुटला. गाडी हळू होती म्हणून निभावलं, कुणाला खरचटलंही नाही. पण स्टेपनी काढली तर तीही बसलेली. बेचाळीस मुलं रस्त्याच्या कडेला, मोबाईलला रेंज नाही, आणि एक छोटी मुलगी माझा हात धरून विचारतेय, "सर, आपण घरी कधी जाणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सव्वादोन तासांनी दुसरी गाडी आली. घरी गेल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. दोष गाडीमालकाचा होताच, पण विचारायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं.

जुन्या गाडीवाल्या काकांची वही

आमच्या गल्लीत एक काका आहेत. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची पेट्रोल जीप आहे. दरवर्षी माघ पौर्णिमेला ते याच जीपने कचारगडला जातात. तयारी मात्र संक्रांतीपासून सुरू. एक दिवस रेडिएटरचे पाइप दाबून बघतात, एक दिवस कार्बोरेटर उघडतात, एक दिवस ब्रेकचं ऑइल बदलतात. फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, प्लग यांचा एकेक जादा नग डब्यात भरून ठेवतात. आठवड्याआधी वीस-पंचवीस किलोमीटरची चक्कर मारून येतात आणि आल्यावर गाडीखाली पुठ्ठा अंथरतात. सकाळी पुठ्ठ्यावर तेलाचा डाग कुठे पडला ते बघून वहीत लिहितात. मी एकदा हसून म्हटलं, "काका, पन्नास-साठ किलोमीटरसाठी एवढं?" ते म्हणाले, "गुरुजी, गाडी बुढी आहे. तिले इचारल्याशिवाय निघता येत नाही."

त्या रात्रीनंतर मला हे वाक्य नीट कळलं.

काकांना कुणी 'व्हिंटेज कारप्रेमी' म्हणत नाही. लोक त्यांच्या जीपला खटारा म्हणतात. पण मुंबई, पुणे, नागपूरला जुन्या गाड्यांच्या फेऱ्या निघतात, तेव्हा तिथली हौशी मंडळी हेच करतात. केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले आणि पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूप न बदललेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय झाली. म्हणजे चकचकीत रोल्स रॉइस असो की गल्लीतली जीप, कायद्याला वय आणि मूळ रूप महत्त्वाचं. आणि अशी कुठलीही गाडी लांब न्यायची तर तयारीही सारखीच लागते.

जगात काय झालं ते मुलांना सांगा

१४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनला मोटारींची एक फेरी निघाली. तोपर्यंत इंग्लंडमध्ये मोटारीच्या पुढे एक माणूस चालवावा लागे! तो नियम त्या दिवशी गेला आणि वेगमर्यादा ताशी १४ मैल झाली, त्याचा तो आनंद होता. आजही दर नोव्हेंबरला ही फेरी होते आणि तिच्यात १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्या धावतात. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नसतो. जो वेळेत पोचतो त्याला पदक मिळतं. आपल्या वर्गात असं एखादं तरी काम असावं, जिथे नंबर नाही, नीट पोचणं हेच यश आहे.

दुसरी गोष्ट १९०७ ची, पेकिंग ते पॅरिस. पाच मोटारी १० जूनला निघाल्या. इटलीचे प्रिन्स बोर्गेसे यांनी निघण्याआधीच चीनमधल्या डोंगरवाटा घोड्यावरून पालथ्या घातल्या. बरोबर गाडीच्या रुंदीएवढी बांबूची काठी होती. काठी जिथून जाईल तिथून गाडी जाईल, असा साधा हिशोब! इंधन आणि टायर पुढच्या टप्प्यांवर आधीच पोचवायची व्यवस्था त्यांनी केली होती. त्यांची 'इटाला' गाडी १० ऑगस्टला पॅरिसला पोचली. त्यानंतरच्या गाड्या आल्या तब्बल वीस दिवसांनी. आणि त्याच मोहिमेतली 'काँताल' नावाची तीनचाकी? तिचं इंधन गोबीच्या वाळवंटात संपलं. तिच्यावरची माणसं कशीबशी वाचली, गाडी मात्र तिथेच सोडावी लागली.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. अहमदाबादच्या एका कुटुंबाने २०२३ साली आपली १९५० सालची एमजी गाडी चालवत थेट इंग्लंडला नेली. त्र्याहत्तर वर्षांची गाडी! अशी गाडी नशिबावर पोचत नाही. निघण्याआधी गॅरेजमध्ये किती दिवस गेले असतील, याचा अंदाज मुलांनाच करू द्या.

माझं म्हणणं काय आहे?

माझं म्हणणं सरळ आहे. हौशी माणूस एका जुन्या गाडीसाठी जेवढी तयारी करतो, त्याच्या निम्मी तरी आपण चाळीस मुलांसाठी करायला हवी. आणि ती तयारी मुलांपासून लपवून ऑफिसात न करता मुलांना बरोबर घेऊन करायला हवी. तो सहलीचाच पहिला पाठ समजा.

आम्ही मागच्या वर्षीपासून सहलीच्या आठ दिवस आधी गाडी शाळेत बोलावतो आणि या गोष्टी बघतो :

१. टायर. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत असतात. '३२१८' म्हणजे २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी दिसत असली तरी रबर वयाने कडक होतं, त्याला भेगा पडतात. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिथे परिवहन विभागाला टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. मग शाळेच्या दारात आपण का तपासू नये?

२. स्टेपनी, जॅक, पाना. 'आहे' हे उत्तर घ्यायचं नाही. काढून दाखवायला सांगायचं.

३. कागदपत्रं. फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स. प्रत्येकाची मुदत सहलीच्या तारखेपुढे आहे ना, ते बघायचं.

४. चालक. आदल्या रात्री तो लग्नाची वरात घेऊन जागलेला नसावा. हे मालकाला स्पष्ट सांगायचं.

५. दार, संकटकाळी बाहेर पडायची वाट, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी. ती वाट उघडून बघायची. बऱ्याचदा तिथे जादा सीट ठोकलेली असते.

६. वेळ. परतीचा प्रवास उजेडात संपेल असंच वेळापत्रक करायचं. गुहा थोडी कमी बघितली तरी चालेल.

यात अभ्यास कुठे आहे?

सगळीकडे आहे! गणितात बघा. समजा जाऊन-येऊन १२० किलोमीटर आहे आणि गाडी लिटरला ८ किलोमीटर देते. मग १५ लिटर डिझेल लागेल. अडीअडचणीला पाव हिस्सा जादा धरला तर पावणेएकोणीस लिटर. गोबीतल्या त्या तीनचाकीची गोष्ट सांगून हे गणित घाला, 'जादा का धरायचं?' असं एकही मूल विचारणार नाही.

विज्ञानात ब्रेक ऑइल घ्या. ते हवेतली ओल शोषून घेतं. ओल शोषली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घाटात सतत ब्रेक दाबला तर ते उकळून वाफ होऊ शकते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पॅडल नुसतंच खाली जातं. द्रव आणि वायू यांतला फरक यापेक्षा जिवंत कुठे सापडेल? मराठीच्या तासाला मुलांनी काकांची मुलाखत घेतली आणि 'गाडीची वही' लिहिली. मुलाखतीत एका मुलाने विचारलं, "काका, गाडी कधी रुसते का?" काका दहा मिनिटं बोलत होते.

आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील टायर पंक्चर काढतात. वर्गात तो सहसा तोंड उघडत नाही. गाडी तपासायच्या दिवशी त्यानेच आतल्या बाजूच्या टायरची चीर दाखवली. आम्ही तिथेच उभे होतो, आम्हाला दिसली नव्हती. मालकाने तो टायर बदलला. त्या दिवशी मी फळ्यावर त्या मुलाचं नाव लिहिलं. त्याला गणितात किती गुण आहेत, हा वेगळा विषय. पण पोटापाण्याच्या कामातलं ज्ञान शाळेच्या दारात आलं की आपण त्याला बाहेरच उभं करतो, हे मला तेव्हा जाणवलं.

"आधीच कामं काय कमी आहेत?"

तुम्ही हे म्हणाल, आणि ते खोटं नाही. माहिती भरायची, फोटो पाठवायचे, प्रशिक्षणं करायची, त्यात हे आणखी एक. आपण मेकॅनिक नाही हेही खरं. पण टायरवरचे चार आकडे वाचायला मेकॅनिक लागत नाही. सगळं मिळून आमचे दोन तास गेले. त्या अंधाऱ्या रस्त्यावर सव्वादोन तास गेले होते.

कुणी म्हणेल, एवढे प्रश्न विचारले तर गाडीवाला दुसरीकडे जाईल किंवा भाडं वाढवेल. आमच्या बाबतीत एक जण गेला, हे कबूल करतो. दुसऱ्याने मुलामागे थोडे पैसे जास्त घेतले. पालकसभेत आम्ही कारण सांगितलं. एकाही आईने कुरकुर केली नाही. ज्या दोन घरांना जड जात होतं, त्यांचं आम्ही शिक्षकांनी वाटून घेतलं.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. संमतीपत्रावर सही करण्याआधी शाळेला एवढंच विचारा, "गाडी बघितली का?" यात शिक्षकांचा अपमान नाही. उलट तुम्ही विचाराल म्हणून आम्ही बघू. आणि यात्रेला, लग्नाला स्वतःच्या घरची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा मालवाहू टेम्पोत दाटीने बसवता, तेव्हाही हाच प्रश्न स्वतःला विचारा. मुलं आपलं बघूनच शिकतात.

यंदाही आमची सहल कचारगडलाच आहे. काकांनी गाडी तपासायला यायचं कबूल केलंय, पुठ्ठा घेऊन. तुमच्या शाळेची सहल कधी आहे? गाडी ठरवण्याआधी वरची यादी वहीत उतरवून घ्या. तुमच्या अनुभवातून तिच्यात काही वाढवायचं असेल तर मला जरूर कळवा, आम्हीही ते आमच्या यादीत घेऊ.