फर्स्ट लँडिंगचं रान

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या सहली स्टेट पार्कांत हमखास जातात. तिथला इतिहास मात्र पाटीवरच राहतो. म्हणून या अंकात व्हर्जिनियाचं फर्स्ट लँडिंग स्टेट पार्क. चहाच्या रंगाच्या पाण्यात उभे सायप्रस, फांद्यांवरून लोंबणारं राखाडी स्पॅनिश मॉस : हे रान डोळे भरून पाहावंच. पण एप्रिल १६०७ मध्ये इंग्रज या किनाऱ्यावर उतरले, त्याच रात्री स्थानिकांनी त्यांच्यावर बाण सोडले; किनारा कुणाचा तरी होता. १९३०च्या दशकात पार्क उभारायला कृष्णवर्णीय तरुण राबले, आणि फिरायला मात्र गोऱ्यांनाच परवानगी! त्याविरुद्ध दावा झाला, तर १९५५ मध्ये पार्कच बंद केलं गेलं. आम्हाला हीच बाजू सविस्तर सांगायची आहे. तुमच्या जवळच्या रानात कुणाचे हात राबले? जरूर लिहा.