लेन्सला काय काय केलंय, ते आधी सांगा!

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तुमच्यासारखाच कॉलेजात होतो. शॉर्टफिल्म स्पर्धेसाठी आम्ही चौघं पहाटे सिंहगडावर पोहोचलो. माझ्या बॅगेत ऑनलाइन घेतलेली सेकंडहँड लेन्स होती. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘रशियन सिने लेन्स, दुर्मिळ, निकॉन माउंट, कंडिशन एकदम मस्त.’ किंमत नऊ हजार. दोन लग्नांत दिवसदिवस लाइट धरून उभा राहिलो होतो, ते सगळे पैसे त्यात गेले होते.

मित्राच्या चेहऱ्याचा क्लोजअप अफलातून आला. मागचा उजेड गरगर फिरल्यासारखा दिसत होता. मग कॅमेरा डोंगरांकडे वळवला, फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवली, तरी फ्रेम धूसरच. समोर राजगड आणि तोरणा माझ्या कॅमेऱ्याला सोडून सगळ्यांना दिसत होते. दोन-तीन मीटरच्या पलीकडे ती लेन्स काही बघायलाच तयार नव्हती.

घरी येऊन विकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर आलं, ‘भाऊ, माउंट बदललाय. तुम्ही विचारलंच नाही ना!’

आजचा विषय हे उत्तरच आहे. कारण एका अर्थी तो खरं बोलत होता. मी विचारलं नव्हतं. काय विचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

ती लेन्स होती हेलिओस ४४-२. ५८ मिमी, एफ/२. जर्मनीतल्या येना इथल्या कार्ल झाइसच्या बायोटार लेन्सच्या रचनेवर बेतलेली आणि सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांसोबत येणारी. म्हणजे ‘दुर्मिळ’ वगैरे काही नाही, लाखोंनी बनलेली. तिच्या गरगरत्या बॅकग्राउंडमुळे आज रील आणि म्युझिक व्हिडिओ करणारे तिच्यावर फिदा आहेत. मागणी वाढली की हात फिरवणारेही वाढतात. कुणी माउंट बदलतं, कुणी काच उलटी बसवतं, कुणी आत चकती टाकतं. अशी बदललेली लेन्स मग ‘सिने’, ‘स्पेशल’, ‘अ‍ॅनामॉर्फिक’ अशी बिरुदं लावून बाजारात येते.

एक गोष्ट स्पष्ट करू या. लेन्समध्ये बदल करणं हा गुन्हा नाही. उलट ती एक छान कारागिरी आहे. जुन्या लेन्सला नवा लुक देणारे लोक हौशीने आणि मेहनतीने हे काम करतात. फसवणूक सुरू होते ती बदल लपवला की. आणि हे लपवणं बहुतेक वेळा खोटं बोलून होत नाही, गप्प बसून होतं.

त्यामुळे काय बघायचं, ते शिकून घ्या. सगळ्यात आधी माउंट. हेलिओस ४४-२ मुळात एम४२ म्हणजे स्क्रूने फिरवून बसणाऱ्या माउंटची. या लेन्सला माउंटपासून सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ते ४६.५ मिमी असतं. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा, पण तेवढ्याने लांबचा फोकस जातो. माझे डोंगर याच एका मिलिमीटरमध्ये हरवले होते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिमी आणि सोनीच्या मिररलेसमध्ये १८ मिमी, त्यामुळे तिथे साध्या अडॅप्टरने काम भागतं. म्हणून लांबच्या इमारतीचा किंवा चंद्राचा, एफ/२ वर काढलेला फोटो मागा. त्यासोबत लेन्सच्या मागच्या बाजूचा क्लोजअपही मागा. चाळीस-पन्नास वर्षांच्या लेन्सवर नवेकोरे चकचकीत स्क्रू, गोंदाचे डाग किंवा कानशीने घासल्याच्या खुणा दिसल्या, तर तिथे कुणाचा तरी हात फिरलाय, असं समजा.

दुसरं, पुढची काच. गरगरणारा इफेक्ट वाढवण्यासाठी ती उलटी बसवतात. मूळ लेन्समध्ये ही काच बाहेरच्या बाजूला फुगीर दिसते. उलटी केली की ती सपाट किंवा किंचित आत गेलेली दिसते. बाजूने तिरका फोटो मागितला की लगेच कळतं. नाव कोरलेल्या कड्याभोवती ओरखडे असतील तर लेन्स उघडली गेली आहे. अशा लेन्समध्ये मधला भाग ठीक येतो, कडा मात्र विरघळून जातात. पोर्ट्रेटला मजा येते, पण ग्रुप फोटोत टोकाला उभे असलेले मित्र तुम्हाला माफ करणार नाहीत.

तिसरं, सगळ्यात महागात पडणारं प्रकरण, ‘अ‍ॅनामॉर्फिक’. खरी अ‍ॅनामॉर्फिक लेन्स चित्र आडवं दाबून टिपते आणि नंतर एडिटिंगमध्ये ते पुन्हा ताणावं लागतं. मॉड केलेल्या हेलिओसमध्ये मात्र अंडाकृती भोक कापलेली एक चकती टाकलेली असते. त्यामुळे मागचे दिवे लंबगोल दिसतात, बस्स! चित्र दाबलं जात नाही, उलट चकती उजेड अडवते आणि एफ/२ नावापुरतंच उरतं. दिव्यातून निघणारी आडवी निळी रेघ हवी म्हणून काही जण आत नायलॉनचा बारीक धागाही ताणून चिकटवतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. विकणाऱ्याला भिंतीवरच्या गोल घड्याळाचा फोटो काढायला सांगा आणि एडिट न केलेली मूळ फाइल मागा. घड्याळ अंड्यासारखं उभं, बारीक दिसलं तर लेन्स खरी अ‍ॅनामॉर्फिक. घड्याळ गोल आणि मागचे दिवे तेवढे लंबगोल असतील, तर तुम्ही चकतीचे पैसे मोजताय.

चौथं, अ‍ॅपर्चर. ‘डीक्लिक केलंय, व्हिडिओसाठी परफेक्ट’ असं सांगून जास्त पैसे मागितले जातात. गंमत अशी, की ४४-२ मध्ये दोन रिंगा असतात. एक टक-टक करत आकड्यावर थांबते, तर दुसरी कारखान्यातूनच गुळगुळीत फिरणारी येते. म्हणजे जे फुकट होतं, त्याचेच पैसे! याउलट ४४एम या नंतरच्या मॉडेलची रिंग मुळात टकटकते. ती गुळगुळीत फिरत असेल, तर आत काहीतरी काढलंय. त्यामुळे मॉडेलचं पूर्ण नाव आधी वाचा, निष्कर्ष नंतर काढा. ४४-२ ला आठ पाती असतात. एफ/८ वर ठेवून, मागून टॉर्च मारून फोटो मागा. नीट आठकोनी भोक दिसायला हवं.

पाचवं, नाव. साध्या सोव्हिएत लेन्सवरचं नाव घासून त्यावर लायका किंवा झाइस कोरण्याचा धंदा जुना आहे. बऱ्याच सोव्हिएत ज्युपिटर लेन्स झाइसच्या सोनार रचनेवरच बनल्या, त्यामुळे दिसायला त्या सख्ख्या भावंडांसारख्या. अक्षरांची खोली, रंग आणि आकड्यांमधलं अंतर झूम करून बघा. अनेक सोव्हिएत लेन्सवर सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे उत्पादनाचं वर्ष सांगतात. ते आणि विकणाऱ्याने सांगितलेली कहाणी जुळते का, बघा. मात्र पुढचं कडं दुसऱ्या लेन्सचं लावता येतं, म्हणून फक्त नंबरवर विसंबू नका.

एवढं सगळं मागितल्यावर समोरचा वैतागेल? वैतागू दे. प्रामाणिक माणूस दहा मिनिटांत फोटो पाठवतो. ‘दुसरा गिऱ्हाईक उभा आहे, लगेच टोकन टाका’ म्हणणाऱ्याला खुशाल दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकू द्या. शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटा, आपला कॅमेरा सोबत न्या आणि जवळचा, लांबचा व रात्रीच्या दिव्यांचा फोटो स्वतः काढा. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी किंवा तुमच्या गावातल्या कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराला लेन्स दाखवा. त्यांच्या बोटांना जे कळतं, ते आपल्याला यूट्यूबवर कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक प्रश्न लिहून विचारा, ‘या लेन्समध्ये मूळ रचनेपेक्षा काही बदल केलाय का? माउंट, काच, अ‍ॅपर्चर, कोटिंग, नाव?’ फोनवर नको, चॅटवर. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १५ सांगतं, की वर्णनावरून माल विकला तर माल त्या वर्णनाशी जुळायला हवा. पण वर्णन काय होतं, हे दाखवायला तुमच्याकडे काही तरी हवं ना? जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा. वाद झाला की जाहिरात सगळ्यात आधी गायब होते.

आता थोडं आपल्याबद्दल. कॉलेज संपताना तुमच्यातले बरेच जण आपलं सामान विकतात. तेव्हा तुम्ही काय लिहिता? ‘कंडिशन एकदम मस्त’च ना? आपण फसलो, आता ती कुणाच्या तरी गळ्यात मारू, हा विचार मलाही आला होता. खोटं का बोलू? जाहिरात टाइप करून तयारही होती, माझ्यासारखीच कुणीतरी लग्नांत लाइट धरणारी पोरं ती वाचणार होती.

मग ती पुसली आणि नवी लिहिली, ‘माउंट बदललेला आहे. दोन-तीन मीटरच्या पलीकडे फोकस होत नाही. जवळच्या पोर्ट्रेटला झकास.’ साडेचार हजारांना गेली. निम्मे पैसे बुडाले, हे खरंय. घेणारी मुलगी दागिन्यांचे फोटो काढायची, तिला डोंगरांशी काही देणंघेणं नव्हतं. आठवड्याने तिने एका नथीचा फोटो पाठवला. त्याच लेन्समधून काढलेला, मागे सगळा उजेड गरगरणारा.

सेकंडहँड बाजारात कंपनीची वॉरंटी नसते. तिथे वॉरंटी म्हणजे आपण एकमेकांना काय सांगतो, तेवढंच. म्हणून घेताना विचारा आणि विकताना कुणी विचारायच्या आत सांगा.