उत्तरेतील वसंत आणि मार्चअखेर
महाड-पोलादपूरकडील शिक्षक-कारकुनांच्या वाट्याला उत्तरेतील वसंत सहसा येत नाही. मार्च महिना परीक्षा आणि हिशेब यांतच जातो. मग दिल्ली, आग्रा, जयपूर, वाराणसी मेच्या उन्हात, दहा दिवसांत उरकायची! वस्तुतः प्रत्येक वाढीव शहर भाड्याबरोबर एक दिवसही खाते. तो खर्च वहीत कोणी मांडीत नाही. त्यापेक्षा फेब्रुवारीच्या आरंभी आठवडाभराची रजा घेऊन दोनच शहरे पाहावीत. (आग्र्यास शुक्रवार टाळावा, ताजमहाल बंद असतो.) नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे डिसेंबर उजाडण्यापूर्वी रजा मंजूर हवी. सहकाऱ्यांनी पाळीपाळीने रजा घेतल्यास कामही अडणार नाही. मुख्याध्यापकांनी आणि कार्यालयप्रमुखांनी ती नाकारू नये.