'राहणे' या क्रियापदावरील आरोप

अमरावती-अकोल्याकडील विद्यार्थ्याने 'तो जेवून राहिला' असे लिहिले, की त्याखाली तांबडी रेघ ओढली जाते. ही हिंदीची नक्कल आहे. 'जेवत आहे' असे लिहावे, असे त्याला बजावले जाते. या शेऱ्यामागे भाषाविचार नाही. आहे तो प्रमाणभाषेचा अहंकार.

हिंदीतील 'खा रहा है' या रचनेत मुख्य क्रियापदाचा निव्वळ धातू येतो. वऱ्हाडीत 'ऊन'-प्रत्ययान्त रूप येते आणि ते अस्सल मराठी आहे. 'बसून राहिला', 'पडून राहिला', 'दडून राहिला' हे प्रयोग पुण्याच्या मराठीलाही मान्य आहेत. तिने ही रचना मुख्यतः स्थितिवाचक क्रियांपुरती राखली. वऱ्हाडीने ती कोणत्याही चालू क्रियेला लावली. १९०३ ते १९५६ या काळात वऱ्हाड मध्यप्रांताशी जोडलेला होता. हिंदीच्या सहवासाने या विस्ताराला बळ मिळाले असणे शक्य आहे. तथापि सहवास म्हणजे भ्रष्टता नव्हे.

क्रियापदाचा मूळ अर्थ झिजून त्याचे व्याकरणिक साधन होणे, ही सर्वत्र आढळणारी प्रक्रिया आहे. इंग्रजीतील 'गो' म्हणजे जाणे. पण 'इट इज गोइंग टू रेन' या वाक्यात कोणीच कोठे जात नाही. तेथे केवळ भविष्यकाळ सूचित होतो. शिवाय या क्रियापदाचे भूतकाळी रूप 'वेंट' हे 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाकडून आलेले. हे सारे आपण भाषेचा इतिहास म्हणून आदराने शिकवतो. मग 'राहणे'मधील वास्तव्याचा अर्थ झिजून चालू काळ आला, तर ती चूक कशी?

समीक्षाही या दोषातून मुक्त नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीतील वऱ्हाडी संवादांची वाखाणणी होते, ती 'अस्सल वातावरणा'साठी. बोली म्हणजे जणू रंगभूमीवरचा पडदा! तिला स्वतःची काळव्यवस्था आहे, त्या व्यवस्थेतून पात्रांचा कालानुभव घडतो, हा विचार क्वचितच होतो.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तिच्या प्राचीनतेची चर्चा 'लीळाचरित्रा'वाचून, म्हणजेच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरवाचून, पुरी होत नाही. रिद्धपूरचा ग्रंथ आम्हांला पुराव्यासाठी हवा. त्याच मातीतल्या मुलाचे क्रियापद मात्र उत्तरपत्रिकेत नको. ही विसंगती आधी तांबड्या शाईने अधोरेखित व्हावी.